टर्बो गाडीच्या बॉनेटखालची उष्णता: नव्याने गाडी घेतलेल्यांसाठी

मागच्या मे महिन्यात महेश्वरहून इंदूरला परत येत होतो. मंडलेश्वरकडून घाट चढताना बाहेर चव्वेचाळीस अंश, एसी पूर्ण जोरात, गाडीत आम्ही चौघं आणि डिकी सामानाने भरलेली. घाटमाथ्यावरचं जाम गेट दिसायला लागलं तेवढ्यात मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अगं, काहीतरी जळतंय बघ." मला वाटलं, घाट उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा वास असेल. ट्रक गेला, वास राहिला. गरम रबर आणि वितळतं प्लास्टिक यांच्या अधला-मधला, नाकाला चिकटून बसणारा.

गाडी कडेला घेतली, लगेच बंद केली, सगळ्यांना उतरवलं. धूर नव्हता. थोड्या वेळाने बॉनेट उघडलं तर टर्बोवर असते ती पत्र्याची ढाल, म्हणजे हीट शील्ड, एका बाजूने खाली लोंबत होती. तिच्याआड सुरक्षित असायला हवी होती ती वायरींवरची काळी नालीदार नळी मेणासारखी ओघळली होती. आतल्या वायरी शाबूत होत्या, हे आमचं नशीब. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, तीन बोल्ट की जगह एक ही लगा है." दोन आठवड्यांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये तिथलंच काम झालं होतं. ढाल काढली, परत लावताना दोन बोल्ट राहून गेले.

गंमत अशी की त्याच महिन्यात मी टर्बोला बाहेरून मागवून ब्लँकेट, म्हणजे उष्णता आत कोंडणारं जाड आवरण, लावायचा विचार करत होते. सात-आठ हजारांची वस्तू डोळ्यांसमोर, आणि उणीव होती दोन बोल्टांची. त्या दिवसापासून माझा क्रम पक्का झाला आहे: आधी मोजायचं, मग कारखान्याने जे दिलंय ते जागेवर आणायचं, मग गाडी चालवायची सवय सुधारायची, आणि एवढं करूनही गरज उरली तरच काही नवीन विकत घ्यायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

ही उष्णता येते कुठून

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पंखे. एक सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूने फिरतो, दुसरा त्या जोरावर ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. छोट्या गाड्यांत हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रवासी गाड्यांत टर्बो आला १९६२ साली, अमेरिकेत, शेवरोले कॉर्व्हेअर आणि ओल्ड्समोबाईल जेटफायर या दोन गाड्यांमधून. त्यातल्या जेटफायरला तर पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकीच होती. दाबलेली हवा इतकी तापायची की ते मिश्रण फवारल्याशिवाय इंजिन ठोके द्यायचं, म्हणजे आत इंधन नको तेव्हा आपोआप पेटून खटखट व्हायची. म्हणजे टर्बो आणि उष्णता यांचं भांडण पहिल्या गाडीपासूनचं आहे.

पेट्रोल टर्बो इंजिनावर पूर्ण भार असताना टर्बोत शिरणारा वायू ९०० अंशांच्याही वर जातो. डिझेलमध्ये कमी, पण सातशे-आठशेपर्यंत पोचतोच. हा झाला एक स्रोत. दुसरा स्रोत नवख्यांच्या लक्षात येत नाही: हवा नुसती दाबली तरी तापते. ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर गणिताने ती ११० अंशांजवळ जाते, आणि कुठलाच टर्बो परिपूर्ण नसल्यामुळे प्रत्यक्षात १३०च्या पुढे. ती थंड करायला इंटरकूलर असतो. तो नीट काम करत नसेल तर गरम, विरळ हवा इंजिनात जाते. ठोके बसू नयेत म्हणून गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो. मग गाडी ओढत नाही, आपण पाय आणखी दाबतो आणि उष्णता आणखी वाढते.

शाळेत शिकलेले तीन शब्द इथे कामी येतात. टर्बो ज्या लोखंडाला जोडला आहे त्यातून उष्णता सरकते ते वहन. बॉनेटखालच्या हवेबरोबर फिरते ते अभिसरण. आणि लालसर तापलेल्या टर्बोसमोरच्या प्लास्टिकला हवा मध्ये असूनही चटका बसतो ते प्रारण. चुलीसमोर बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तसं. पत्र्याची ढाल मुख्यतः या तिसऱ्यासाठी असते. कुठला उपाय कशावर चालतो हे समजलं की निम्मे अनाठायी खर्च आपोआप टळतात.

पहिली पायरी: मोजा

स्टीअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाकडून माहिती घ्यायचं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर साधारण हजाराच्या आत-बाहेर मिळतो आणि मोबाईलवरच्या ॲपशी जोडता येतो. त्यात दोनच आकडे पाहायला शिका: कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवायला त्यात फिरणाऱ्या द्रवाचं तापमान, आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो आणि प्रकरण हाताबाहेर जायला लागल्यावरच हलतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, नुसता दिवा.

एक ठरलेला रस्ता निवडा आणि तोच दरवेळी मोजा. माझा रस्ता विजयनगरहून पलासिया, तिथून राजवाडा, आणि परतताना बायपासवरून एक फेरी. बाहेर ४१ अंश असताना पलासियाच्या रांगेत इंजिनात जाणारी हवा ६३ अंश दाखवत होती. बायपासवर तीन-चार मिनिटं ऐंशीच्या वेगाने गेल्यावर ती ४९वर आली. कूलंट मात्र दोन्हीकडे ९० ते १०० यांच्या मध्येच खालीवर होत होतं, आणि ते तसं होणं बरोबर आहे, कारण पंखा चालू-बंद होत राहतो. यातून मला कळलं ते असं: माझ्या गाडीचं रेडिएटर, म्हणजे कूलंट गार करणारी पुढची जाळी, ठीक आहे, अडचण हवेच्या वाटेत आहे. स्कॅनर नसता तर मी हजारो रुपये चुकीच्या जागी घातले असते.

हातात धरायची इन्फ्रारेड गन असेल तर एक ध्यानात ठेवा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटं, फार कमी तापमान दाखवते. काळ्या रबरावर, प्लास्टिकवर, गंजलेल्या लोखंडावर धरा. आणि बॉनेट उघडं असताना ओढणी खोचून, केस बांधूनच वाकायचं. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा आपणहून सुरू होऊ शकतो.

पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, जून २०२१ मध्ये सुरू झालेला. पुष्कळांना वाटतं गाडीची खरी तापण्याची परीक्षा अशा ठिकाणीच होत असणार. पण पळत्या गाडीला वारा तरी मिळतो. बॉनेटखालचं तापमान सगळ्यात वर जातं ते जोरात चालवून गाडी बंद केल्यावर. वारा थांबलेला, कूलंट थांबलेलं, आणि लोखंडात साठलेली उष्णता बाहेर पडतेच आहे. पुढची पाच ते पंधरा-वीस मिनिटं वायरी, रबर आणि बॅटरी यांना सगळ्यात जड जातात. एकदा घरी आल्यावर गाडी बंद करून दहा मिनिटांनी मोजून पाहाच.

दुसरी पायरी: कूलंट आणि पंखा

हे थोडक्यात, कारण यात फारसं डोकं लावायचं नाही, नियम पाळायचे आहेत. गाडी पूर्ण थंड असताना, सकाळी, टाकीवरच्या कमाल आणि किमान रेषांच्या मध्ये पातळी आहे का बघा. पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकारचंच कूलंट घ्या. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. नदीकाठच्या जलूदहून पंपाने एवढा चढ चढून आपल्याकडे येणारं नर्मदेचं पाणी प्यायला उत्तम आहे, रेडिएटरसाठी नाही. बोअरचं तर मुळीच नाही. क्षार आत थर धरतात.

झाकणाकडे मात्र दोन मिनिटं लक्ष द्या. साध्या पाण्याला १०० अंशांना उकळी येते, साडेपाचशे मीटर उंचीवरच्या इंदुरात तर त्याहून दोनेक अंश आधीच. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल आणि झाकण साधारण १ बारचा दाब धरून ठेवत असेल तर उकळी १२५ अंशांच्या पुढे जाते. हा सगळा फरक झाकणाच्या आतल्या एका रबरी कडीवर टिकून असतो. ती कडक झाली, तडकली, की दाब सुटतो आणि गाडी शंभराच्या थोडं पुढे गेली तरी उकळते. झाकण बदलणं स्वस्त आहे. गरम गाडीचं झाकण कधीही, कुणीही सांगितलं तरी, उघडायचं नाही.

पंखा बघायचा तर एसी लावा आणि पुढे कान द्या. थोड्या वेळात आवाज आला नाही तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने तपासून घ्या.

तिसरी पायरी: हवेची वाट मोकळी करा

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं.

गाडीच्या तोंडाशी एकामागे एक थर असतात: बंपरची जाळी, मग एसीचा कंडेन्सर, बहुतेक गाड्यांत तिथेच कुठेतरी इंटरकूलर, मग रेडिएटर, मग पंखा. बाहेरून दिसतो तो फक्त पहिला थर. खरी घाण बसते कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. माळव्यात मार्च-एप्रिलमध्ये गहू निघतो. उज्जैन किंवा देवासच्या रस्त्यावर हार्वेस्टर चालत असले की उडणारा भुसा सरळ तिथे जाऊन बसतो. वर संध्याकाळचे पतंग, पाखरं, कडुनिंबाच्या काड्या.

पहिल्यांदा मी वरचं प्लास्टिकचं झाकण काढून, बागेच्या पाईपने, बोटाने पाणी पसरवून, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी सोडलं. घाण ज्या दिशेने आत आली त्याच्या उलट. आधी काही मिनिटं नुसतंच पाणी. मग भुशाचा एक लगदा सुटून खाली पडला आणि त्याच्यामागून गुलाबी पाणी वाहायला लागलं. क्षणभर घाबरले, कारण माझ्या गाडीतलं कूलंटही गुलाबी आहे. बोटावर घेऊन चोळलं तर रवाळ. तो गुलाल होता. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी गाडी राजवाड्याजवळ मावशीच्या घरापाशी उभी होती, आणि दोन महिने तो गुलाल जाळीच्या पात्यांत भुशाला धरून बसला होता. वीस मिनिटांनी पाणी स्वच्छ आलं. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच उन्हात पुन्हा मोजलं तेव्हा पलासियाला हवा ५७ अंशांवर थांबली. सहा अंशांचा फरक, एका पाईपच्या पाण्याने.

हे करताना काही गोष्टी सांभाळा. गाडी थंड हवी. सर्व्हिसिंगला वापरतात तो जोराच्या धारेचा पंप कंडेन्सरजवळ नेऊ नका. पाती कागदासारखी असतात, एकदा आडवी झाली की हवा जायची वाट कायमची बंद. थोडी वाकली असतील तर जुन्या टूथब्रशने किंवा प्लास्टिकच्या कंगव्याने हळूहळू उभी करा. अल्टरनेटर आणि फ्यूजबॉक्सवर पाणी जाऊ देऊ नका, वर जाड प्लास्टिक टाका.

पुढे काय काय लावलंय तेही बघा. बारीक छिद्रांची शोभेची जाळी, जादा दिवे, मोठा बोर्ड. हे सगळं इंटरकूलरच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं आहे. लोखंडी गार्ड असेल तर तो काढाच. तो नियमातही बसत नाही आणि अपघातात एअरबॅगच्या कामातही अडथळा आणतो.

चौथी पायरी: जे जागेवर असायला हवं ते आहे का?

रेडिएटरच्या दोन्ही कडांना फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात. दिसायला अगदी क्षुल्लक. त्यांचं काम एवढंच की पुढून आलेली हवा बाजूने निसटू नये आणि इंजिनाकडची तापलेली हवा वळून परत पुढे येऊ नये. हवा नेहमी सोपी वाट धरते. पट्टी नसली तर रेडिएटरमधून जाण्याचे कष्ट ती घेत नाही. छोटा-मोठा अपघात होऊन बंपर बदललेला असेल तर या पट्ट्या हमखास गायब असतात.

खाली इंजिनाचा तळपट्टा, म्हणजे इंजिनाखालचं झाकण, बघा. पावसाळ्यात खड्ड्यात आपटून फाटला, लोंबला, म्हणून कुणीतरी काढून टाकला, असं फार गाड्यांत आढळतं. मालकांना वाटतं, बरं झालं, खालून हवा लागेल. होतं उलटं. तो तळपट्टा गाडीखालून जाणाऱ्या वाऱ्याला असा वळवतो की बॉनेटखालची गरम हवा खाली ओढली जाते. शिवाय चिखल आणि पाणी तापलेल्या टर्बोवर उडत नाही.

मग ढाली. टर्बोवरची, मॅनिफोल्डवरची (इंजिनातून जळका वायू बाहेर नेणारा भाग), आणि गाडीखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरची (तो वायू स्वच्छ करणारा डबा). थंड इंजिनावर हाताने हलवून बघा. खडखड वाजली की बोल्ट सैल किंवा गंजून गेलेला. वर्कशॉपमधून गाडी आणल्यावर हे बघायला एक मिनिट लागतं, आणि मी आता काउंटरवर पैसे देण्याआधी बघते. मिस्त्रीला राग येत नाही. उलट पुढच्या वेळी तो स्वतःच दाखवतो.

याच पायरीत उंदीर. इंदुरात पावसाळा सुरू झाला की ते ऊब शोधत बॉनेटखाली येतात, कापसाचं, कागदाचं, सुक्या गवताचं घरटं करतात. मॅनिफोल्डजवळ असं घरटं म्हणजे आगीची तयारीच. गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर सुरू करण्याआधी बॉनेट उघडून बघा.

पाचवी पायरी: वायरी, नळ्या, बॅटरी, ऑइल

नंतर लावलेल्या वायरी शोधा. मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, मागच्या स्पीकरसाठी बॅटरीपासून ओढलेली केबल. कंपनीच्या वायरींचं आवरण जास्त उष्णतेसाठी बनवलेलं असतं. बाजारातून आणलेली साधी पीव्हीसी वायर घरगुती कामाची असते, ७० अंशांपुरती. ती टर्बोपासून हातभर अंतरावरून नेलेली असली तर मऊ पडते, घासते, आणि एक दिवस शॉर्ट होते. अशी वायर दिसली तर दुसऱ्या बाजूने फिरवून घ्या आणि बॅटरीजवळ फ्यूज आहे याची खात्री करा. या कामात काटकसर करू नका. बॉनेटखालच्या आगीची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते.

रबरी होज बोटांनी दाबा. चांगला होज दाबला की परत येतो. कडक, चरचरीत किंवा टोकाशी फुगलेला वाटला तर बदला. टर्बोला ऑइल नेणाऱ्या-आणणाऱ्या नळीच्या सांध्यांवर ओलसरपणा दिसला तर थांबू नका, तापलेल्या टर्बोवर ऑइल ठिबकणं धोक्याचं आहे.

बॅटरीबद्दल जुना अंदाज आहे की सरासरी तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. तिच्यावर कंपनीने कापडी किंवा प्लास्टिकचं कवच दिलं असेल तर बॅटरी बदलताना ते परत बसवून घ्या.

ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच, आणि मुदतीच्या थोडं आधी बदललेलं बरं. टर्बोच्या दांड्याला वंगण आणि गारवा दोन्ही त्यातूनच मिळतं. जुनं ऑइल तिथे जळून कोळशासारखं चिकटतं आणि नळी आकसत जाते.

सहावी पायरी: पायात आणि हातात

माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरायचं आणि परत चढायचं, ही आपल्याकडची खास परिस्थिती. मंडलेश्वर असो, खंडवा रोडचा भेरूघाट असो, खाली ऊन जास्त आणि चढ नेमका परतीच्या वाटेवर, गाडी आधीच तापलेली असताना.

चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हत ठेवू नका. एक गिअर खाली घ्या. फेऱ्या वाढल्या की आवाज वाढतो म्हणून नवे लोक घाबरतात, पण बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालतो, कूलंट जोरात फिरतं, आणि टर्बोला कमी दाबात काम भागवता येतं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड घ्या.

घाट चढून आल्या-आल्या गाडी बंद करू नका. जाम गेटवर फोटो काढायला थांबायचं असेल तर शेवटचा एक किलोमीटर हळू या, नाहीतर उभी करून मिनिट-दीड मिनिट चालू ठेवा. ऑइल आणि कूलंट फिरत राहतं आणि टर्बोचं तापमान हळूहळू उतरतं. त्याहून जास्त, दहा-दहा मिनिटं चालू ठेवण्यात अर्थ नाही. वारा नसताना बॉनेटखाली उष्णता उलट साठतच जाते. शहरात रोजच्या वापरात घराच्या गल्लीतून येईपर्यंत हे काम आपोआप झालेलं असतं. सिग्नलवर आपोआप बंद होणारी गाडी असेल तर घाटाच्या दिवशी ती सोय बंद ठेवा.

गाडी बंद केल्यावर पंखा किंवा छोटा इलेक्ट्रिक पंप काही मिनिटं गुणगुणत राहतो, त्याला बिघाड समजून बॅटरीची वायर काढू नका. टर्बोला थंड करायला तो मुद्दाम दिलेला आहे. आणि तापलेल्या इंजिनावर, टर्बोवर बाटलीभर पाणी ओतायचं नाही. ओतीव लोखंड एका बाजूने अचानक आकसलं की तडा जातो.

चोरलला किंवा कुणाच्या शेतावर गेलात तर सुक्या गवतावर गाडी उभी करू नका. खालचा कन्व्हर्टर कित्येक मिनिटं शेकडो अंशांवर असतो.

सातवी पायरी: नवीन काही लावायचं असेल तर

आधीच्या सहा पायऱ्या करून, पुन्हा मोजून, एखादी जागा खरोखरच तापते असं दिसलं तर त्याच जागेपुरता उपाय करा. सगळ्यात सुरक्षित आणि स्वस्त म्हणजे वायरींवर, नळ्यांवर घालायची चंदेरी हीट स्लीव्ह. टर्बोसमोर येणारी बाजू झाकली की पुरे. इंजिनाकडे थंड हवा नेणाऱ्या पाईपवर परावर्तक टेपही चालते. जादा पत्रा लावायचा असेल तर तो वस्तूला चिकटवू नका. एखाद-दोन सेंटिमीटरची हवेची फट ठेवा, त्या फटीमुळेच ढाल काम करते.

टर्बो ब्लँकेट चांगली वस्तू आहे, पण नवख्यांनी घाई करू नये. ते उष्णता नाहीशी करत नाही, टर्बोच्या आत कोंडतं. बाहेर गारवा वाढतो आणि टर्बोचं लोखंड, त्याचे स्टड आधीपेक्षा जास्त तापतात. कंपनीची ढाल काढून ते बसवावं लागत असेल तर वॉरंटीचा प्रश्न आहे. आणि त्यात ऑइल मुरलं तर ते वातीसारखं पेटतं.

एक्झॉस्ट पाईपला गुंडाळायची पट्टी रोजच्या गाडीवर लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस. पट्टी ओल धरते, तिच्याखाली पाईप कुजतो आणि बाहेरून काही दिसतही नाही.

बॉनेट कापून झरोके पाडण्याचंही तसंच. बॉनेट आणि पुढची काच यांच्या सांध्यापाशी वेगात हवेचा दाब जास्त असतो. तिथलं रबर काढलं किंवा बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट मागून उचललं तर गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरची आत घुसते, आणि इंजिनाचा वास एसीच्या वाटेने गाडीत येतो. तीन लिटर डिझेलच्या जुन्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचं तोंड पाहून लोक तसं नकली तोंड चिकटवतात. ते मूळचं तोंड खालच्या इंटरकूलरला हवा द्यायला होतं. खाली काही नसताना वर चिकटवून उपयोग शून्य. गाडीत असे बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ आणि विमा कंपनीच्या अटी वाचून घ्या.

वाटेत काटा चढलाच तर

एसी बंद करा, काचा उघडा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण जोरात. मे महिन्यात नको वाटेल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. तरी चढत राहिला किंवा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबून गाडी बंद. वाफ येत असेल तर बॉनेट उघडू नका. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि मगच, कापड धरून, झाकणाकडे हात न्या.

जळका वास असेल तर वाट पाहायची नाही, इंजिन तत्काळ बंद. धूर दिसला तर बॉनेट उघडलं की आगीला हवा मिळते, म्हणून ते तसंच ठेवून सगळ्यांना उतरवा, लांब उभे राहा, ११२ला फोन करा. छोटं पावडरचं अग्निशामक डिकीत सामानाखाली ठेवून उपयोग नाही, ते पुढच्या सीटखाली, हाताला येईल असं हवं.

माझ्या गाडीत आता ते तिथेच आहे. डिकीत एक लिटर तयार कूलंट, डिस्टिल्ड पाण्याची बाटली, होजच्या दोन क्लिपा, दहा नंबरचा पाना आणि टॉर्च. आणि एका छोट्या डबीत त्या ढालीचे दोन जादा बोल्ट.